खालाला कळू द्यायचं नव्हतं

मी आपणहून सांगत नाही, मला सांगायला लावतात. गारखेड्यात आमची बिल्डिंग, तीन मजली, लिफ्ट नाही. माझा अनुभव असाय की लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत किस्से जास्त साठतात. माणसं जिन्यात भेटतात, दम खायला थांबतात, आणि थांबली की बोलतात. संध्याकाळी पार्किंगमध्ये आमच्या खुर्च्या पडल्या की कुणीतरी म्हणतंच, "जाधव, ते खालाचं सांगा ना." निम्म्यांनी ऐकलेलं असतं, तरी सांगावं लागतं. आणि खरं सांगू का, मलाही सांगितल्याशिवाय करमत नाही.

तर खाला म्हणजे नबीलची आई. नबील येमेनचा. इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करतो आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतो. पोरगा लई गुणी. हिंदी बोलतो, तेही थेट गुलमंडीवरचं, 'हौ' आणि 'नक्को'सकट. त्याचं बोलणं मी तुम्हाला मराठीत सांगतो, नाहीतर माझ्या हिंदीनं सगळी मजा जाईल. तो म्हणतो, काका, मी अॅडमिशन घेतलं तेव्हा शहराचं नाव एक होतं, डिग्री मिळेल तेव्हा दुसरं असेल. घरच्यांना वाटतंय मी नापास होऊन गाव बदललं.

त्याच्या आईच्या हृदयाची झडप खराब झाली. तिकडं लढाईमुळं दवाखान्यांचे हाल, म्हणून दिवाळीनंतर तो तिला इथं घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आत्ता नाही. शुगर वाढलेली, बीपी खालीवर. आधी दोन्ही ताब्यात येऊ द्या आणि तोवर यांच्या जिवाला कसलाही धक्का बसता कामा नये. ऑपरेशन झालं नाही तर फार दिवस काढणार नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. नबीलला दिवसभर विद्यापीठात जावं लागायचं. जाताना तो आमची बेल वाजवायचा आणि मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणायचा, काकू, अम्मीकडं लक्ष ठेवा.

आता लक्ष ठेवा म्हणणं सोपंय. बाईला अरबीशिवाय काही येत नव्हतं आणि आम्हाला अरबीच येत नव्हतं. तिला कशाचा राग येतो, हात जोडलेले चालतात का, घरात चप्पल काढून जायचं का घालून, काही म्हणता काही ठाऊक नाही. मी मंगलला म्हणलं, जपून बरं. आपलं काही चुकलं आणि हिचं बीपी चढलं तर काय तोंड दाखवायचं त्या पोराला? 'खाला' एवढं एक नाव तेवढं जमलं. आपल्या शहरात मावशीला खाला म्हणतातच, आणि नबील म्हणाला, आमच्यातही तेच. तेवढ्या एका शब्दावर आम्ही सुरुवात केली.

* * *

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी खाला आमच्या दारात आली आणि हातवारे करून काहीतरी सांगायला लागली. मंगलला वाटलं छातीत दुखतंय. मला वाटलं नबीलला बोलवा म्हणते. नबीलला फोन लावला तर बंद, तो लॅबमध्ये.

मग मला अक्कल सुचली. कोपऱ्यावर शफीकभाईंची रिक्षा उभी असते. शफीकभाई पाच वेळचे नमाजी. म्हणलं, यांना अरबी येणारच. ते 'काका, मेरी सुनो तो' म्हणत होते, पण मी कसला ऐकतोय. हाताला धरून वर आणलं.

शफीकभाईंनी दारातून सलाम केला. खालाचा चेहरा असा खुलला म्हणता! आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिच्या ओळखीचं बोललं होतं. तिनं सलाम घेतला आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. शफीकभाई खाली मान घालून ऐकत होते. ती श्वास घ्यायला थांबली की ते म्हणायचे, आमीन. ती पुन्हा सुरू, पुन्हा आमीन. खाला जरा चपापली, मग आवाज चढवून बोलायला लागली. शफीकभाईंनीही आमीन मोठ्यानं म्हणलं.

मी हळूच विचारलं, काय म्हणतायत?

"काका, मैं अरबी पढ़ लेता हूँ, समझता थोड़ी हूँ," शफीकभाई म्हणाले. "क्या बोल रहे, अल्लाह जाने. पर बुजुर्ग हैं, दुआ ही दे रहे होंगे."

तेवढ्यात मंगल आत जाऊन बघून आली. बाथरूमचा नळ तुटला होता आणि पाणी हॉलपर्यंत आलं होतं.

* * *

त्या नळापायी खाला आणि मंगलची ओळख पक्की झाली. दुसऱ्या दिवशी खालानं तिला कॉफीला बोलावलं. त्यांची कॉफी म्हणजे आल्याचा वास असलेली, बिनदुधाची, बोटभर कपातली. मंगलला लहानपणापासून शिकवलेलं, दुसऱ्याच्या घरी कपात घोटभरही ठेवायचं नाही, अपमान होतो. तिनं कप रिकामा केला. खालाला लहानपणापासून शिकवलेलं, पाहुण्याचा कप रिकामा दिसता कामा नये. तिनं भरला.

दोघी संस्कारी. कुणी माघार घ्यायची? किती कप झाले ते मंगलनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. संध्याकाळी नबील आला तेव्हा ही घामाघूम होऊन बसलेली आणि समोर खाला किटली घेऊन तयार. तो हसला आणि त्यानं युक्ती सांगितली. आमच्याकडं कप परत देताना जरासा हलवायचा, म्हणजे बास झालं.

ही युक्ती मंगलला इतकी आवडली की पुढच्या महिन्यात पैठणकडं आमच्या भाच्याच्या लग्नात तिनं वाढप्यासमोर मठ्ठ्याचा पेला हलवला. त्यानं आणखी दोन पळ्या ओतला.

* * *

माझी गोष्ट वेगळीच. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो असलो तरी मुळात खेड्यातला. घरात बाई एकटी असली तर पुरुषानं एकदम दारात उभं राहू नये, आधी खाकरावं, ही आमच्याकडची रीत. माझे वडील तर स्वतःच्या घरात शिरतानाही खाकरायचे. मंगलला बोलवायला समोरच्या दारी जावं लागायचं. दार बहुतेक उघडंच असायचं आणि खालाच्या डोक्यावर ओढणी आहे का नाही, मला काय माहीत? म्हणून मी जिन्यापासूनच खाकरत जायचो. जरा जोरातच.

एकदा नबीलनं मला मधाची बाटली आणून दिली. त्यांच्याकडचा खास डोंगरातला मध, आईनं काकांसाठी म्हणून पाठवलाय. मला बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा मध, सोबत काळं जिरं. मग आल्याचा कसला तरी काढा. मी मंगलला म्हणलं, बघ, बाईला माणसाची किंमत कळते. मंगल म्हणाली, तुमचं काय कौतुक करण्यासारखंय, मलाही सांगा.

एक दिवस नबीलनं मला पार्किंगमध्ये गाठलं. पोरगा फार अवघडलेला. इकडची तिकडची चौकशी झाली, आणि मग हळूच म्हणाला, काका, राग मानू नका, पण तुम्ही टीबीची तपासणी केलीय का?

झालं होतं असं की खालानं त्याच्यामागं धोशा लावला होता. माझं ऑपरेशन नंतर बघू, म्हणाली, समोरच्या भल्या माणसाची छाती पार गेलीय, आधी त्याला दाखव. ज्या बाईचं स्वतःचं काळीज धड नाही ती माझ्या खोकल्यासाठी रोज नमाजात दुआ मागत होती. मी नबीलला आमची रीत समजावून सांगितली. त्यानं आईला सांगितली. तरी मध येत राहिला.

* * *

आणि मग एकादशी आली. मंगलनं खालाला खुणेनं सांगितलं की आज जेवण नाही, आज उपास, वर देवाकडं बोट. खालाला उपास कळला, चांगला कळला. म्हणजे तिच्या हिशेबानं कळला.

दुपारी मंगल तिच्याकडं गेली तर खाला पलंगावर आडवी. ओठ कोरडे, हाताला थरथर. पाणी दिलं तर मान हलवून नको म्हणते. मंगलनं घाबरून नबीलला फोन केला. तो धावत आला, आईशी बोलला आणि कपाळाला हात लावून बसला. मंगल उपाशी आहे म्हणून खालानं सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं. पाण्याचा थेंबही नाही. सोबत म्हणून! शुगरच्या पेशंटनं!

नबीलनं तिला साखरपाणी पाजलं. जरा हुशारी आली. तोवर मंगल घरातून जे होतं ते घेऊन आली. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. खालानं ते सगळं बघितलं आणि नबीलला विचारलं, हे कुणासाठी? नबील म्हणाला, हा काकूंचा उपास आहे.

खालानं ताटातला एकेक पदार्थ बोटानं मोजला. मग काहीतरी बोलली आणि नबील हसत हसत खुर्चीतून पडायचा राहिला. त्यानं आम्हाला सांगितलं, अम्मी विचारते, हा जर उपास असेल तर हे लोक सणाला काय करतात?

हसलो आम्हीही. पण घरी आल्यावर मंगलला हसू येईना. मला म्हणाली, अहो, आपण चांगलं करायला जातोय आणि तिच्या जिवावर बेततंय. किती गोष्टी तिला सांगायच्या राहिल्यात आणि त्यातली कोणती महत्त्वाची ते मला कसं कळणार?

* * *

खालाचा सगळ्यात मोठा आनंद म्हणजे संध्याकाळचा फोन. तिचा धाकटा मुलगा वलीद तिकडं औषधाचं दुकान चालवायचा. दुकानातूनच व्हिडिओ कॉल करायचा. खाला त्याला मोबाईल फिरवून सगळं दाखवायची. आमची गॅलरी, मंगलची तुळस, तव्यावरची ज्वारीची भाकरी. एकदा मला दाखवलं तर मी खाकरलो आणि तो पोरगा तिकडं खो खो हसला. त्याला सगळं सांगितलेलं होतं. मंगलला तो 'नमस्ते काकू' म्हणायचा. हसला की डावीकडचा एक दात जरा पुढं आलेला दिसायचा.

* * *

थंडीत तळमजल्यावरचे कुलकर्णी काका गेले. दोन दिवस ताप काय आला आणि माणूस गेलाच. मुलगा पुण्याहून येईपर्यंत आम्हीच सगळं बघत होतो. खाला गॅलरीतून बघत होती. मंगलला वाटलं तिनं खाली येऊ नये, जिवाला त्रास होईल. पण जाऊन सांगणार कोण आणि कुठल्या भाषेत?

खाला आपणच जिना उतरून आली. एकेक पायरी, कठड्याला धरून. खाली बायका बसलेल्या. कुठं बसावं, काय करावं, तिला काही माहीत नव्हतं. ती सरळ कुलकर्णी काकूंच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्यांचा हात धरला. ना काकूंनी काही म्हणलं, ना तिनं. माणसं येत होती, जात होती, त्या दोघी तशाच.

स्मशानातून आम्ही परत आलो तेव्हा मंगल डबा घेऊन खाली निघाली होती. ज्या घरात माणूस गेलं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात नेऊन देतात. आमच्याकडं त्याला कडू घास म्हणतात. खालानं ते डबे बघितले. नंतर नबीलकडून तिनं मला विचारलं, हे रोजचं पिवळं पिठलंच सगळ्यांनी का आणलं, दुसरं काही का नाही? मी सांगितलं, असल्या दिवशी आमच्याकडं हेच. घरात मरण झालं की शेजारी हेच घेऊन येतात, बोलत काही नाहीत, नुसता डबा ठेवतात. नबीलनं तिला समजावलं. तिनं मान हलवली आणि ज्या माणसाचं नावही तिला नीट येत नव्हतं त्याच्यासाठी डोळे पुसले.

* * *

आता शेवटचं. हे मी नबील आसपास नाही ना ते बघून, खुर्च्या उचलायच्या वेळी सांगतो, म्हणजे नंतर कुणी दुसरं काही सांगायला नको.

औषधांनी शुगर उतरली, बीपी जागेवर आलं. ऑपरेशनची तारीख ठरली, पुढच्याच आठवड्यातली. त्या दिवशी दुपारी मी भाजी घेऊन येत होतो तर नबील जिन्यात बसलेला. विद्यापीठात असायच्या वेळी तो इथं कसा, म्हणून मी विचारलं. त्यानं वर बघितलं आणि मला कळलं, काहीतरी वाईट आहे.

वलीद गेला होता. दुकान बंद करून घरी जाताना रस्त्यात गोळीबार सुरू झाला, त्यात सापडला. नबीलला मामाचा फोन आलेला. त्याला तिकडं येमेनला जाता येत नव्हतं आणि इथं वर आईसमोरही जाता येत नव्हतं. डॉक्टरांना त्यानं फोन केला होता. डॉक्टर म्हणाले, आत्ता सांगाल तर ऑपरेशन विसरा, आणि पुढं ढकलायला यांच्याकडं वेळ नाही. मला म्हणाला, "काका, ऑपरेशन होईपर्यंत तिला कळता कामा नये. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढं करा."

मी त्याला घरात नेलं. मंगलला सांगितलं, खाली कुलकर्णी काकूंना सांगितलं. मी मनात म्हणलं, आपल्याला अरबी येत नाही, आपण काय सांगणार तिला? असं गुपित सांभाळायला तर आमच्याइतकी सोयीची माणसं नाहीत. नबीलनं आईला सांगितलं की तिकडचं नेटवर्क बंद पडलंय. ते नेहमीच पडायचं. तिनं विश्वास ठेवला. मग डॉक्टरांनी भेटायला बोलावलं म्हणून तो दवाखान्यात गेला.

संध्याकाळी मी पेपर वाचत होतो. मंगल डबा घेऊन समोर निघाली. मी म्हणलं, कुठं? म्हणाली, नबीलनं सकाळपासून काही खाल्लं नसेल. मी बरं म्हणलं आणि पान उलटलं. मला काही खटकलं नाही. ती दारात गेली तर खालून कुलकर्णी काकूही डबा घेऊन वर आलेल्या. दोघींनी एकमेकींना काही विचारलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. दोघींच्या डब्यात पिठलं-भात. जन्मभर मयताच्या घरी तेच नेलेलं, हात आपोआप तेच करून बसले.

नबील अजून आला नव्हता. दार खालानं उघडलं.

पुढचं मला मंगलनं सांगितलं. खालानं आधी दोघींकडं बघितलं. दोघी गप्प. मग तिनं हात पुढं करून कुलकर्णी काकूंच्या डब्याचं झाकण उघडलं. मंगलचा उघडला. पिवळं पिठलं बघून ती तशीच उभी राहिली. मंगल म्हणते, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, अहो, आम्ही काय घेऊन आलो होतो ते. पण आता झाकण लावून काय उपयोग?

खालानं एकच शब्द विचारला. "वलीद?"

मंगलला खोटं बोलायचं होतं. पण कसं बोलणार, तिला नाही म्हणायलाही अरबी येत नव्हतं. कुलकर्णी काकूंनी डबा खाली ठेवला आणि खालाचा हात धरला.

मंगलला वाटलं आता ही कोसळणार. तिनं खुर्ची ओढली, गोळ्यांची पिशवी शोधायला लागली. खाला कोसळली नाही. तिनं दोघींना आत घेतलं, दार लावलं आणि जमिनीवर बसली. तोंडात ओढणीचा बोळा घातला आणि रडली. आवाज येऊ दिला नाही. दोघी तिच्या दोन्ही बाजूंना बसून राहिल्या.

खाली नबीलची स्कूटर वाजली. खाला उठली, तोंड धुतलं, ओढणी बदलली. दोन्ही डबे उचलून दोघींच्या हातात परत दिले आणि तोंडावर बोट ठेवलं. दाराकडं दाखवलं, जिथून तिचा मुलगा येणार होता, आणि पुन्हा तोंडावर बोट ठेवलं.

मंगल घरी आली ती भरलेला डबा घेऊन. सगळं ऐकल्यावर मी उठलोच. म्हणलं, नबीलला सांगितलं पाहिजे, डॉक्टरांना सांगितलं पाहिजे, उद्या काही बरंवाईट झालं तर आपण जबाबदार. मंगल दारात आडवी उभी राहिली.

"तिनं नको म्हणलंय."

"तुला अरबी कधीपासून यायला लागलं?"

"आई कशाला नको म्हणतेय ते कळायला अरबी लागतं का हो?" मंगल म्हणाली आणि रडायला लागली.

मग मी बसलो. त्या रात्री आम्ही पिठलं-भात खाल्ला, खाली कुलकर्णी काकूंनीही.

ऑपरेशनपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. रोज सकाळी नबील मला जिन्यात गाठून विचारायचा, काका, अम्मीला संशय तर नाही ना आला? मी म्हणायचो, नाय रे बाबा, काही नाही. तो आईसमोर हसायचा, खोटी बातमी सांगायचा की वलीदचा निरोप आलाय, तो बरा आहे. खालाही हसायची. वलीदला सांग म्हणायची, थंडीचं जपून राहा. तो विद्यापीठात गेला की मंगल आणि काकू तिच्याकडं जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. तासा-दोन तासांनी मंगल घरी यायची ती डोळे लाल करून. आत काय व्हायचं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नर्स बीपी बघायला यायची. बीपी जागेवर. दवाखान्यात डॉक्टर नबीलला म्हणाले, काय मनाची बाई आहे, एवढं मोठं ऑपरेशन आणि जरा म्हणून टेन्शन नाही! मी तिथंच उभा होतो. भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत राहिलो.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर झोपल्यावर खालानं नबीलचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि काहीतरी असं बोलली की तो हसला. मग तिला आत नेलं. उस्मानपुऱ्यातल्या त्या दवाखान्याच्या बाकावर नबीलसोबत आम्ही तिघं दिवसभर बसून होतो. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, झालं, व्यवस्थित झालं. नबील भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला. मंगलनं काकूंचा हात इतका आवळला होता की बांगडीचा वळ उठला.

खाला घरी आली. टाके वाळले, हळूहळू चालायला लागली. एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता सांगायला हरकत नाही. नबीलनं आम्हा तिघांना बोलावून घेतलं. म्हणाला, तुम्ही असाल तर मला धीर येईल. तिला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, त्यानं सगळं मनाशी घोकून ठेवलं होतं. तो तिच्या पायाशी बसला. मंगल आणि काकू पलंगाशी, मी दाराशी उभा.

तो अरबीत बोलला. आम्हाला फक्त वलीदचं नाव कळत होतं. खालानं त्याला मध्ये एकदाही थांबवलं नाही, सगळं बोलू दिलं. त्याचं झाल्यावर ती काहीतरी एकच वाक्य म्हणाली, आणि नबीलनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान लेकरासारखा रडला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग तीही रडली, मोठ्यानं.

थोड्या वेळानं नबील बाहेर जिन्यात आला. मी त्याला पाणी दिलं. तोंड पुसून तो म्हणाला, "काका, आधी सांगितलं नाही ते बरं झालं. तिला सोसलं नसतं."

"व्हय," मी म्हणलं. "बरं केलंस."

"पण तिचं मन बघा काका. मी एवढं सगळं सांगितलं आणि पहिलं काय म्हणाली माहितीये?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढे दिवस तू एकट्यानं कसं सोसलंस रे?"